टिप्परचा कौल

डिचोलीच्या बाजारात तरण्या माणसाला विचारलंत, टिप्पर म्हणजे काय, तर तो सांगेल खाणीवरची गाडी. पंचावन्नच्या पुढचा कोणी भेटला तर गोष्ट वेगळी. तो आधी हसेल, मग मांडीवर दोन बोटं आपटील, दुम्-तक्, दुम्-तक्, आणि डोळे मिटून कुठेतरी निघून जाईल. त्याला टिप्पर नावाचा बँड आठवला असं समजावं.

बाबलीसमोर मात्र हे नाव काढायची सोय नव्हती. आणि टिप्परचे ड्रम वाजवले होते ते त्यानेच. "मेलेल्याक हाक मारू नये," तो म्हणायचा. "एखाद वेळ ओ देता."

तीन माणसांचा बँड. बाबली तेव्हा बाविशीचा, खाणीवर गाडी चालवणारा. सखाराम दोडामार्गाकडचा, गाड्यांचा मेस्त. त्याने हरमलच्या किनाऱ्यावर एका गोऱ्याची मोटरसायकल दुरुस्त करून दिली आणि बदल्यात गोऱ्याने त्याला चार तारांची गिटार दिली. सखाराम घरी येऊन बोंबलला, "दोन तारा कमी आसत, फसवल्यान माका!" तिला बेस म्हणतात हे त्याला वर्षभराने कळलं. तिसरा गौरेश, कापडवाल्याचा मुलगा, गळा फुटक्या सायलेन्सरसारखा. देवळातल्या भजनाला त्याला खांबामागे बसवत. रॉकला नेमका असलाच गळा लागतो, हे कळल्यावर तो खांबामागून जो बाहेर आला तो आलाच.

नदीवरच्या जेटीवर, बार्जेत खनिज उतरवायला, मालाच्या गाड्यांची रांग लागायची. दोन-दोन तास चाक हलत नसे. सगळीकडे लाल धूळ, पापण्यांवरसुद्धा. बाबली स्टिअरिंगवर, दारावर, टपावर वाजवायचा, गौरेश बॉनेटवर बसून गायचा, मागचेपुढचे ड्रायव्हर हॉर्नने साथ द्यायचे. गाणी झाली ती अशी.

पण ह्या तिघांचा बँड केला तो गोकुळदासने. पेडण्याचा माणूस. जत्रेला, दशावतारी नाटकाला लाऊडस्पीकर लावायचा त्याचा धंदा. शाळा बघितलेली चार बुकांपुरती, पण कान असा की रिकाम्या मांडात, नाटकाच्या जागेत, एक टाळी वाजवून सांगायचा, कर्णा त्या आंब्यावर बांधा, म्हणजे शेवटच्या बाईला राक्षसाचा श्वाससुद्धा ऐकू जाईल. त्याने तिघांना पेडण्याला नेलं, काजूच्या गोदामात भिंतींना गोणपाटं टांगली, बाबलीचे ड्रम बियांच्या पोत्यांवर चढवले आणि म्हणाला, "आता वाजव. जमीन ऐकता." पहिली कॅसेट तिथे झाली. तिच्यावर गोकुळदासच्या नावापुढे प्रोड्युसर असं छापलं, तर तिघं पोट धरून हसले. त्यांना वाटलं, प्रोड्युसर फक्त सिनेमाला असतो. पण ती कॅसेट खाणीवरच्या गाडीगाडीत वाजली. साखळीला जाणाऱ्या बसमध्ये वाजली. फोंड्यात एका लग्नात वाजली आणि भटजींनी मंगलाष्टकं थांबवून विचारलं, हे काय?

मग चौऱ्याण्णव साली दुसरी. बाबलीने गोदामात दोन दिवस घाम गाळला. महिन्याने कॅसेट हातात आली, ती त्याने जेटीच्या रांगेत, स्वतःच्या गाडीत लावली. पहिलं गाणं सुरू झालं, आणि दुसऱ्या ओळीपर्यंत त्याला कळलं की हे हात आपले नाहीत. कोणाचेच नाहीत. घड्याळासारखं सरळ, न दमणारं, न चुकणारं. मशीन. गोकुळदासने त्याचं वाजवणं पुसून तिथे ड्रम मशीन लावलं होतं, आणि एका शब्दाने त्याला सांगितलं नव्हतं. रांग पुढे सरकली. मागचे हॉर्न मारत राहिले. बाबलीची गाडी काही हलली नाही.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणारी माणसं कधीतरी दमतात. बाबलीने नुसतं वाजवणं सोडलं. बँड आपोआप मिटला. त्या दिवसापासून गोकुळदासचं नाव त्याने तोंडाने घेतलं नाही, घेतलंच तर 'तो पेडण्याचो'. पुढे खाणी बंद पडल्या, गाड्या गंजल्या, बाबली शाळेच्या बसवर, बालरथावर, ड्रायव्हर लागला. तीस वर्षं गेली.

आता मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी, बाबली मोकळा. गौरेशने त्याला सकाळी चहाला बोलावलं. घराबाहेरच्या बालकांवात, दगडी बाकावर, सखाराम आधीच पाय वर घेऊन बसलेला. बाबलीला तिथेच संशयाचा वास यायला हवा होता.

"सात गाणी झाली," गौरेश म्हणाला.

"बरां झालां. भजनी मंडळाक दी."

"टिप्परची आसत ती."

बाबलीने चहात पाव बुडवला. "टिप्पर भंगारात गेलो."

"दासबाबाक विचारलंय मी," गौरेश म्हणाला. "तो येवक तयार आसा."

दासबाब म्हणजे गोकुळदास. पाव चहातच राहिला. बाबली उठला. "मी गेलंय."

"बस रे," सखाराम म्हणाला. "चाय तरी पी. चायन तुझां काय वाईट केल्यान?"

"ऐक बाबल्या," गौरेश म्हणाला. "आम्ही तिघा बसलंव तर तीन माणसां बसतत. टिप्पर होणा नाय. गेल्या वर्सा तू नाय म्हणालंस म्हणून मी म्हापशाच्या एका चांगल्या पोराकडे गेलंय, कॉम्प्युटरवाल्याकडे. त्याणां सगळां साफ करून दिल्यान. इतक्या साफ, माका माझोच गळो ओळखूक येय ना. माका दासबाब होयो. आनी तुझ्याशिवाय दासबाब येवन उपयोग नाय."

"तेका सांग, मशीन घेवन ये. मशीनाक चाय लागना नाय, पाव लागना नाय."

दारात गौरेशची बायको प्रभावती उभी होती, हातात सुपातले मूग. तिने गोकुळदाससकट टिप्परची चारही माणसं तरणी बघितली होती, त्यामुळे ती कोणाला भीत नव्हती. "तीस वर्सां एकच घास चघळतंस, बाबलीबाब," ती म्हणाली. "दात कशे उरले तुझे?"

"वहिनी, तुमी मधी पडू नकात."

"मी कित्याक पडू? देवीक घाला मधी. तुमचां माणसांचां जमना नाय तर कौल लावा आनी मोकळे व्हा."

आपल्याकडे हे असं असतं. जमीन घ्यायची, मुलगी द्यायची, विहीर खणायची, माणसाला ठरवता येत नसेल तर देवाला विचारायचं. पुजारी फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. टिप्परने पूर्वीही कौल लावला होता, बँडाच्या नावाला आणि पेडण्याला जायच्या आधी. दोन्ही वेळा उजवी पडली होती.

बाबली तयार झाला. लगेच झाला, म्हणून सखारामने त्याच्याकडे तिरक्या डोळ्याने बघितलं. बाबलीचा हिशेब सरळ होता. गावची देवी सातेरी त्याची. बावीस वर्षं तिला हात जोडून त्याने भरलेली गाडी उतारावरून खाली आणली होती आणि ब्रेकने एकदाही दगा दिला नव्हता. ती आपल्याच बाजूने बोलणार. डावी पडेल, गौरेश गप्प होईल, आणि आपण नाही म्हटलं असंही होणार नाही.

पण एक गोष्ट त्याने ह्यातल्या कोणालाच सांगितली नव्हती. रोज सकाळी शाळेच्या दारात बालरथ रिकामा झाला की तो लगेच निघत नसे. काचा वर करून स्टिअरिंगवर वाजवत बसायचा, दहा मिनिटं, कधी वीस. त्याला वाजवायचं होतं. परत पुसलं जायचं नव्हतं, एवढंच.

सोमवारी अकराच्या सुमाराला सगळे देवळात जमले. गावाच्या कडेला, माडांच्या सावलीत लहानसं देऊळ. गाभाऱ्यात माणसाच्या उंचीचं वारूळ, तेच सातेरीचं रूप, त्यावर चांदीचा मुखवटा. पुजारी ओंकार तिशीतला, वडिलांच्या मागून नुकताच पूजेवर बसलेला, नियमाला फार कडक.

गोकुळदास पेडण्याहून दोन बस बदलून आला. बाबलीने त्याला पायऱ्या चढताना बघितलं. पाय टाकायच्या आधी काठीने पायरी चाचपत होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, केस सगळे पांढरे, पण मान अजून तशीच, एका बाजूला कललेली, कोणी कानात काही सांगत असल्यासारखी.

"बाबली खंय आसा?" त्याने विचारलं.

"हंयसर."

"म्हातारो झालंय रे मी."

"मी खंय तरणो रवलंय."

तीस वर्षांनंतरचं बोलणं एवढ्यावर आटोपलं.

ओंकारने पंखा बंद केला, खिडक्यांची जनेलं लावून घेतली. "वाऱ्यान कौलात बोलता नये," तो म्हणाला. "पाकळी पडली की देवीचो शब्द. मागीर वाद नाय. गाऱ्हाणां जो घालता, तेकाच तां मागे घेवचो अधिकार, आनी तोय पाकळी पडच्या आधी. मोठ्यान सांगूक होयां. गाऱ्हाणां कोणाचां?"

गौरेशने सखारामकडे बघितलं. मग सगळ्यांनी बाबलीकडे बघितलं.

बाबली पुढे झाला, हात जोडले. गाऱ्हाणं, म्हणजे देवीपुढचं मागणं, काही लपवून घालता येत नाही, नावं घ्यावी लागतात. "गे आई सातेरी," तो भरभर म्हणू लागला, "आमी तुझी लेकरां. हो गौरेश, हो सखाराम, मी बाबली, आनी हो…" त्याने एकदा मागे वळून बघितलं. "हो गोकुळदास. पेडण्याचो."

"व्हय म्हाराजा!" सखाराम मागून ओरडला.

"आज तीस वर्सां आमचां ह्याच्याशी फाटलां."

"व्हय म्हाराजा!"

"तर आमी ह्याका परत धरून बसूचां काय नाय, तां तू सांग. बसूचां तर उजवी दी. नाय तर डावी दी, आनी ह्या लोकांची तोंडां बंद कर."

"व्हय म्ह…" सखाराम थांबला. "शेवटचां माझ्याकडून नाय."

ओंकारने पिटकोळीच्या फुलाच्या दोन लाल पाकळ्या तांब्यात बुडवल्या, मुखवट्याच्या दोन गालांवर एकेक लावली आणि मागे सरला. समईची ज्योत सरळ उभी राहिली. आता काही करायचं नव्हतं. बसायचं होतं.

कौल कधी चार मिनिटांत होतो, कधी घटकाभरात. बारा वाजले. साडेबारा झाले. पाकळ्या होत्या तिथे होत्या.

"देवी विचारात पडली," गौरेश हळूच म्हणाला.

"तिणां दुसरी कॅसेट ऐकल्यान आसात," सखाराम म्हणाला. "पैली कॅसेट ऐक म्हणून सांगूक होयां होतां." थोड्या वेळाने तो खांबाला टेकला आणि घोरू लागला.

एक वाजला. बंद देवळात गारवाही होता आणि उबही होती, विहिरीच्या तोंडाशी असते तशी. उदबत्तीचा धूर वर जायचा आणि मध्येच विसरल्यासारखा थांबायचा. बाबली त्या दोन लाल ठिपक्यांकडे बघत राहिला. बघता बघता मुखवटा जवळ आला, मग लांब गेला, मग त्याला वाटलं, देवीच्याही पापण्यांवर लाल धूळ आहे. ती रांगेत उभी आहे. सगळेच रांगेत उभे आहेत, जेटीपासून थेट वारुळापर्यंत गाड्याच गाड्या, आणि एकही इंजिन चालू नाही. नदी पण थांबलेली. भरलेली बार्ज पाण्यावर नाही तर पाण्याच्या वर हातभर तरंगतेय, आणि तिच्यावर माल नाही, काजूबियांची पोती आहेत, पोत्यांवर त्याचे ड्रम. कोणी वाजवत नाही तरी ते वाजतायत. सावकाश. एवढं सावकाश की दोन ठोक्यांच्या मध्ये माणूस जेवून यावा. बाबलीला त्या मधल्या जागेत फार बरं वाटलं. त्याला वाटलं, आपण आयुष्यभर ह्या जागेवरून गाडी पळवत नेली, एकदाही उतरून बघितलं नाही.

"पाच आवाज आसत हंयसर," कोणीतरी म्हणालं.

बाबलीने डोळे उघडले. समोर गोकुळदास भिंतीला टेकून बसला होता. डोळे मिटलेले. सखाराम घोरतच होता. गौरेशची मान छातीवर पडलेली. ओंकार गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी माळ ओढत बसलेला, तोंड मूर्तीकडे.

"समईची वात चरचरता," गोकुळदास हळू म्हणाला. "वाशात भोवरो गुणगुणता. सखाराम आसा. वारुळात काय तरी चलता, मुंगळे आसतले."

"हे चार झाले."

"पाचवो तू."

बाबलीने खाली बघितलं. त्याची दोन बोटं फरशीवर वाजत होती. दुम्-तक्. तो दचकून थांबला.

"थांबव नको," गोकुळदास म्हणाला. "तेव्हा असो वाजवलां असतंस तर."

तीस वर्षं तो ह्या वाक्याची वाट बघत होता आणि त्यालाच भीतही होता. "तेव्हा कसो वाजवी होतंय मी?"

"पळवी होतंस."

"कधी?"

"पैल्या कॅसेटीत नाय. दुसऱ्या. फेऱ्या वाढलेल्यो ना रे तुमच्यो. पाळी करून गोदामात येयस, डोळे लाल, हात पालीच्या शेपटीसारखे. गाणां डिचोलीत सुरू झालां की तू दोन ओळींत जेटीर पोचलंस. गौरेशाक श्वास घेवक जागा मिळा नाय. सात वेळा घेतलां, म्हायत आसा? सातय वेळा तू आदी पोचलंस."

बाबलीला आठवलं. सात वेळा नाही आठवलं, पण ते दिवस आठवले. जो जास्त फेऱ्या मारील तो शहाणा. जेवण स्टिअरिंगवर, झोप रांगेत. घरी आला तरी पाय ॲक्सिलेटर शोधायचा. बायको म्हणायची, जेवताना तरी गिअर टाकू नका. खरं होतं. कुठेतरी आत त्याला हे आधीपासून ठाऊक होतं, आणि म्हणून तर ते एवढं लागलं होतं.

"मगे सांगलंस कित्याक नाय?" त्याने विचारलं. आवाज वाढला तसा ओंकारने मान वळवून बघितलं.

गोकुळदासने काठी मांडीवर आडवी घेतली. "सांगलां असतां तर तू आठव्यांदा वाजवलां असतंस," तो म्हणाला. "आनी चुकलां असतां. मागीर नवव्यांदा. तुझां तोंड बघून माझी छाती होय ना. मशीनाक तोंड नसतां. तां सोप्या वाटलां माका."

"म्हणान पुसलंस."

"पुसलंय. मशीन लावलां तां आजून माका बरोबर वाटता, खोटां कित्याक सांगू? गाण्याक तां होयां होतां. पण तुका तोंडार सांगूक नाय. तां पाप माझां. कर्णो बांधणारो माणूस मी, शेवटच्या बायलेक ऐकू जावक होयां म्हणून झाडार चडणारो. आनी समोरच्या माणसाक सांगलंय नाय."

बाबलीला राग यायला हवा होता. आलाही. पण हा तो जुना आंबलेला राग नव्हता. हा ताजा होता, ह्याचं काहीतरी करता आलं असतं. ह्या म्हाताऱ्याशी भांडावं, गोदामात नेऊन भांडावं, पोत्यांवर ड्रम चढवून एकेका ठोक्यावरून भांडावं असं त्याला वाटलं.

"आनी आता?" त्याने विचारलं. "आता पळवतंय?"

गोकुळदासने मान कलती केली. बाबलीने बोटं परत फरशीवर टेकवली, वाजवली. म्हातारा ऐकत राहिला.

"आता कमी," तो म्हणाला. "म्हातारपण तुका मानवलां."

बाबली हसणार होता, तेवढ्यात त्याची नजर गाभाऱ्यात गेली.

डावी पाकळी सुटत होती. वरची कड गालापासून वेगळी झाली होती आणि पाकळी खालच्या टोकावर, केसाएवढ्या ओल्या जागेवर लोंबत होती. उजवी घट्ट. डावी. त्याला हवी होती तीच, त्याने मागितलेली. देवी त्याच्याच बाजूची निघाली होती. आता ती पडणार, आणि मग वाद नाही. गौरेश सात गाणी वहीत घालून ठेवील. हा म्हातारा काठीने पायऱ्या चाचपत बस पकडायला जाईल. आणि आपण जूनमध्ये शाळेच्या दारात, काचा वर करून.

बाबली उभा राहिला. पायाला मुंग्या आलेल्या, तो खांबाला धरून उभा राहिला आणि त्याच्या छातीतून जो आवाज निघाला तो उतारावर समोर गुरं आली तेव्हा निघायचा तसा.

"आई! गाऱ्हाणां मागे घेतलां!"

वाशातली वटवाघळं फडफडली. सखाराम झोपेतून ओरडला, "ब्रेक मार! ब्रेक!" गौरेशचं डोकं खांबावर आपटलं. ओंकारच्या हातातली माळ खाली पडली. पाकळी पण खाली पडली. वारुळाच्या पायथ्याशी, पांढऱ्या फरशीवर, लाल, ओली.

गोकुळदास सोडून सगळे पुढे वाकले.

"डावी," ओंकार शेवटी म्हणाला. मग त्याच्या कपाळावर आठी पडली. "पण शब्द आदी झालो काय पाकळी आदी पडली? मी तुमच्याकडे बघलंय. तुमी बोंब मारलात म्हणान."

"पैलो शब्द," गौरेश म्हणाला.

"तुमी न्हिदलेले, गौरेशबाब."

"न्हिदेत पण माका तसां वाटलां."

"माका ट्रक दिसलो," सखाराम म्हणाला. "तो धरू नकात."

ओंकारने बाबलीकडे बघितलं. बाबलीने मान हलवली. त्यालाही ठाऊक नव्हतं. ओरडताना त्याचे डोळे मिटले होते.

"शब्द पैलो," गोकुळदास म्हणाला. तो अजून भिंतीला टेकूनच होता. "'मागे' म्हणाल्यान, 'घेतलां' म्हणाल्यान, आनी मागीर पाकळी टेकली. अर्धी मात्रा मागीर."

"तुमका दिसलां?"

"माका काय दिसता रे पुता? तुझां तोंडय दिसना नाय. ऐकलां."

"पाकळी पडलेली? ऐकलात?"

"भिजलेली पाकळी फरशेर पडली तर आवाज करता," गोकुळदास म्हणाला, जणू सगळ्यांनाच हे ठाऊक असतं. "थोडो. तीळ पडल्यासारखो."

सगळ्यांनी कान दिला. वातीची चरचर ऐकू आली. वाशातला भुंगा ऐकू आला. वारुळात काहीतरी चालत होतं तेही त्या क्षणी बाबलीला ऐकू आलं, त्याने शपथेवर सांगितलं असतं.

ओंकारने वाकून पाकळी उचलली, मग देवीकडे बघितलं, मग म्हाताऱ्याकडे. "तर मगे कौल झालो नाय," तो म्हणाला. "देवीन काय सांगूक नाय. तुमचां तुमी ठरवा." त्याने जनेलं उघडली. बाहेरचं ऊन धडाधड आत शिरलं. त्याने सगळ्यांच्या हातावर तीर्थ घातलं आणि पंखा लावला.

आता मात्र पंचाईत झाली. ठरवायला कोणी उरलं नव्हतं. चौघं पायऱ्यांवर येऊन बसले, चपला शोधायच्या निमित्ताने.

"माझी एक अट आसा," बाबली चपलेकडे बघत म्हणाला. "माझां चुकलां तर पुसूचां नाय. थांबवूचां, आनी तोंडार सांगूचां. मशीन लावचां तर माका खुर्चेर बसवून, माझ्या समोर लावचां."

"कबूल," गोकुळदास म्हणाला.

"आठव्यांदा चुकलां तरी सांगूचां. नवव्यांदा पण."

"कबूल म्हटलां ना. आताच सांगू?"

"काय?"

"तू गाऱ्हाणां घातलंस, तेतय पळालंस. देवीचां नाव पुरां होवक नाय तर तू लेकरांर आयलंस. लेकरां खंय पोचतत तर तू सखारामार. त्या बिचाऱ्याक 'व्हय म्हाराजा' म्हणूक जागा नाय."

"माका वाटलांच," सखाराम म्हणाला.

"मी पळूक नाय!" बाबली म्हणाला.

"पळालंस."

"गाऱ्हाण्याक खंय ताल आसता?"

"सगळ्याक आसता. पाकळेक आसा तर गाऱ्हाण्याक नाय?"

हे भांडण देवळापासून माडांतल्या पाणंदीपर्यंत आलं, पाणंदीतून गौरेशच्या अंगणापर्यंत आलं. गोकुळदासचा एक हात बाबलीच्या खांद्यावर होता, कारण वाट खड्ड्यांची आणि त्याला दिसत नव्हतं, पण तोंडं दोघांचीही थांबत नव्हती. शिजलेल्या मुगागाठीचा वास अंगणात भरला होता. प्रभावती पदराला हात पुसत दारात आली.

"काय पडली?" तिने विचारलं. "उजवी काय डावी?"

"मगे सांगतंय, वहिनी," बाबली म्हणाला. "पैली ह्याचां ऐका. हो म्हणता मी पळतंय."

"उबो रव हंयसर," गोकुळदास म्हणाला. खांद्यावरचा हात काढून त्याने काठी अंगणात रोवली आणि मान कलती केली. "परत म्हण. सुरवातेक 'आई' म्हण आनी थांब. मी सांगीपर्यंत पुढे जाव नको. सखाराम, तू तयार रव."

जेवण थंड होत होतं. भर उन्हात, शेणाने सारवलेल्या अंगणात, बाबलीने हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाला, "गे आई सातेरी."

आणि थांबला.